पट १७, हजर ११ : भाषिक हक्कांची मोजदाद करताना

भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षणे आहेत की नाहीत, यावर सीमाभागात आता कुणी वाद घालीत नाही. संरक्षणे आहेत. राज्य पुनर्रचनेबरोबर १९५६ साली सातवी घटनादुरुस्ती झाली आणि संविधानात ३५० अ व ३५० ब ही दोन कलमे आली. पहिले कलम राज्याला व स्थानिक संस्थांना सांगते की अल्पसंख्याक भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी पुरविण्याचा प्रयत्न करा. दुसरे कलम या सर्व संरक्षणांची पाहणी करून राष्ट्रपतींना अहवाल देण्यासाठी एक विशेष अधिकारी नेमते. त्या अधिकाऱ्याचे, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे, कार्यालय १९५७ पासून आहे. त्याचे एक विभागीय कार्यालय अनेक वर्षे बेळगावात होते, हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते, कारण कधी ना कधी त्याच्या वडिलांनी त्या दारात निवेदन दिलेले असते.

कलमांच्या खाली नियम आहेत. एका वर्गात १० किंवा संपूर्ण शाळेत ४० मुले अल्पसंख्याक भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले. जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेत अल्पसंख्याक भाषिक १५ टक्के वा त्याहून अधिक असतील तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, हे १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने मान्य केले. हे सारे आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. आमचा झगडा नेहमी पुढच्या प्रश्नावर असतो : हे पाळले जाते काय, आणि ते कोण पाहते?

पाहण्याची रीत अशी. आयुक्तालय राज्य सरकारांना प्रश्नावली पाठविते. राज्य ती जिल्ह्याला धाडते, जिल्हा तालुक्याच्या बीईओंना, तेथून ती सीआरपींच्या हातून शाळेत पोहोचते. उत्तर त्याच वाटेने उलट जाते. प्रश्न दिल्लीत इंग्रजीत निघतो, वाटेत कन्नड होतो, आणि मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका त्याचा अर्थ मनाशी मराठीत लावून पुन्हा कन्नडात उत्तर लिहितात. ‘सौलभ्य आहे काय?’ असा प्रश्न असतो. हा ‘सौलभ्य’ शब्द कन्नड कारभारातून आमच्या बोलण्यात इतका मुरला आहे की पुण्याकडच्या पाहुण्याला तो खटकला तरी आम्हांला खटकत नाही. सौलभ्य आहे काय? होय. एका शब्दाचे उत्तर पाच पायऱ्या चढते आणि अहवालातली एक ओळ होते. ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच पेपर तपासायला द्यावा, तसा हा प्रकार आहे, अशी टीका आम्ही अनेक सभांतून केली आहे. ती टीका आजही आम्हांला रास्त वाटते. पण या लेखात आम्हांला आमच्याच चुकीविषयी लिहायचे आहे.

झाले असे की आम्ही चौघा-पाचजणांनी स्वतःची प्रश्नावली करण्याचे ठरविले. चोवीस प्रश्न, दोन पाने. मातृभाषा मराठी असलेली मुले किती, मराठी माध्यमाचे वर्ग किती, शिक्षकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, पुस्तके मिळाली काय, कार्यालयीन पत्रे मराठीतून येतात काय, मराठी शिक्षणाची मागणी नोंदविली काय. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि बिदरकडचे औराद, भालकी एवढ्यावर न थांबता, मराठी समाज जेथे जेथे पिढ्यानपिढ्या राहिला आहे तेथेही जायचे, असा आमचा बेत होता. सुट्ट्यांत, नातेवाइकांच्या लग्नाच्या निमित्ताने, जमेल तसे आम्ही गोव्यात गेलो, इंदूरला गेलो, सुरतेस गेलो. सगळीकडे तीच दोन पाने. प्रश्नाचा एक शब्दही बदलायचा नाही, असा आमचा कटाक्ष होता. प्रश्न एकच असेल तरच उत्तरांची तुलना होईल, आणि तुलना झाली तरच कोणते राज्य संविधान पाळते व कोणते पाळत नाही हे छातीठोकपणे सांगता येईल, अशी आमची समजूत होती.

पहिला धक्का इंदुरात बसला. जुन्या शहरातील एका मराठी मंडळात वडीलधारी मंडळी जमली होती. तेथे रविवारी मुलांना मराठी वाचायला शिकवितात, गणपतीत नाटक बसवितात, दिवाळी अंक आणवितात. आम्ही प्रश्न विचारला : सरकारी शाळेत मराठी माध्यमाची मागणी आपण कधी नोंदविली होती काय? एक आजोबा हसले. म्हणाले, “अहो, मागणी करायची असते हेच कधी डोक्यात नाही आलं. शाळा हिंदी, घर मराठी, असंच चालत आलं.” आम्ही रकान्यात लिहिले : मागणी नाही.

आता हेच दोन शब्द आमच्याकडच्या सरकारी उत्तरांतही वारंवार आढळतात. मराठी वर्ग का नाही? मागणी नाही. मराठी शिक्षक का नाही? मागणी नाही. सत्र सुरू होण्यापूर्वी पालकांचे अर्ज नोंदविण्यासाठी शाळेत स्वतंत्र नोंदवही ठेवावी, असे जुन्या करारांत स्पष्ट आहे. ती वही कुठल्या कपाटात आहे असे विचारले की मुख्याध्यापक आमच्याकडे बघतात आणि आम्ही कपाटाकडे. वहीच नसल्यावर मागणी नोंदविणार कोठे? म्हणजे इंदुरात मागणी नव्हती कारण ती कुणाच्या मनात आली नाही. आमच्याकडे मागणी नव्हती कारण ती लिहून घ्यायला कागद नव्हता. आमच्या तक्त्यात मात्र दोन्ही ठिकाणी तेच दोन शब्द आणि पुढे तोच शून्य.

गोव्यात निराळाच पेच. तेथे १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा आहे आणि शासकीय कामासाठी मराठीचाही वापर करता येतो. सरकारी प्राथमिक शाळा बहुतांश मराठी माध्यमाच्या. आम्ही एका शाळेत बसून पहिलाच प्रश्न विचारला : मातृभाषा मराठी असलेली मुले किती? शिक्षिका थबकल्या. मुले घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी वाचतात, देवळात मराठी आरती म्हणतात, आणि मैदानात पुन्हा कोकणी. आईला विचारले तर ती जनगणनेत काय सांगते हे तिचे तिलाच माहीत. बेळगावात ‘मातृभाषा’ आणि ‘माध्यम’ हे दोन शब्द आम्ही एकाच श्वासात उच्चारतो, कारण आमचा सारा लढाच त्या दोन शब्दांना एकत्र ठेवण्याचा आहे. गोव्यात ते दोन शब्द सुखाने वेगळे नांदतात. तो रकाना आम्ही रिकामा सोडला, आणि मनातून थोडे चिडलोही.

सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत आणि त्यांची मराठी पुस्तके गुजरातचे पाठ्यपुस्तक मंडळ छापते. मुले बहुधा खानदेशातून यंत्रमागाच्या व कापडबाजाराच्या कामाला आलेल्या कुटुंबांची. ‘मातृभाषा’ या रकान्यात शाळेने सरसकट मराठी लिहिले होते. वर्गाबाहेर मुले एकमेकांशी अहिराणीत भांडत होती. जनगणना खानदेशीला मराठीहून वेगळी भाषा मोजते. तेव्हा ही मुले आमच्या हिशेबात मराठी भाषिक अल्पसंख्याक, जनगणनेच्या हिशेबात कदाचित आणखी कुणी. आमचा एकच प्रश्न तीन गावांत तीन प्रश्न झाला होता. तरीही आम्ही प्रश्नावली बदलली नाही. तुलनेचा मोह मोठा होता.

आता खानापूर तालुक्यातील त्या शाळेकडे येतो. गावाचे नाव आम्ही लिहीत नाही. रानाच्या कडेचे गाव, पहिली ते पाचवीची मराठी शाळा, दोन शिक्षक. पौषातली सकाळ होती. बाईंनी आम्हांला चहा पाजला, वर्ग दाखविला, पुस्तके केव्हा आली ते सांगितले, एसडीएमसीच्या बैठकीची कन्नड सूचना पालकांना कशी वाचून दाखवावी लागते तेही सांगितले. मग आम्ही पट विचारला. पटावर १७ नावे होती. आम्ही वर्गात जाऊन मुले मोजली. ११ होती.

बाई म्हणाल्या, “सहाजण आईबापाबरोबर गोव्याला गेलीत. कामाला. येतील शिमग्यानंतर.” थोड्या वेळाने, आम्ही कागद आवरत असताना, त्या हळू आवाजात म्हणाल्या, “सर, बाकी सगळं लिहा. हा अकराचा आकडा तेवढा लिहू नका.”

आम्ही लिहिला. वाटेत त्यावर आमची बोलाचालीही झाली. एकाचे म्हणणे, बाई नोकरीला भिऊन बोलताहेत. दुसऱ्याचे म्हणणे, सरकारी आकडा फुगवलेला असतो म्हणून तर आपण निघालो. आता आपणच झाकपाक करायची असेल तर प्रश्नावली कशाला? शेवटी सत्य लिहायचे यावर एकमत झाले. फाल्गुनात आम्ही अहवाल पूर्ण केला. त्या शाळेपुढे लिहिले : पट १७, प्रत्यक्ष हजर ११. खाली शेरा मारला की मराठी शाळांकडे शासनाचे दुर्लक्ष असल्याने पट वेगाने ओसरत आहे. अहवालाच्या प्रती आम्ही सभेत वाटल्या, वर्तमानपत्रांना दिल्या, आणि एका सरकारी कार्यालयातही नेऊन पोहोच घेतली. त्या पोहोचेचा आम्हांला अभिमान वाटला होता.

श्रावणात त्या वाटेने जाणे झाले म्हणून शाळेत डोकावलो. बाई एकट्याच होत्या. पाचही इयत्ता एका खोलीत आणि दुसऱ्या खोलीला कुलूप. दुसऱ्या शिक्षकांना जूनमध्ये दुसऱ्या गावच्या शाळेत तात्पुरते पाठविले होते. कारण विचारले असता तोंडी उत्तर मिळाले होते की तुमच्याच माणसांच्या अहवालात अकरा मुले आहेत. अकरांना दोन शिक्षक कशाला?

कायदा आमच्या बाजूने होता. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. म्हणजे अकरा मुलांनाही दोन. पण तात्पुरत्या बदलीच्या आड अनुसूची येत नाही. पद मंजूरच राहते. ते भरलेलेही राहते, कारण शिक्षकांचा पगार त्याच पदावर निघतो. माणूस तेवढा दुसऱ्या गावी असतो. पुढच्या वर्षी कुणी प्रश्नावली पाठविली तर त्या शाळेचे उत्तर काय जाईल? मंजूर पदे २, भरलेली २. आणि ते उत्तर खोटे म्हणता येणार नाही. आमच्या स्वतःच्या प्रश्नावलीतही हेच दोन रकाने होते. ‘आज शाळेत किती शिक्षक उभे आहेत?’ असा प्रश्न आम्ही चोवीसमध्ये कोठेही विचारला नव्हता. ‘हेच्चुवरी’ म्हणून शिक्षक उचलले जातात तेव्हा सीमाभागात गदारोळ होतो, मोर्चा निघतो. येथे कुणी अतिरिक्त ठरले नव्हते, म्हणून मोर्चाही निघाला नव्हता.

आम्ही बाईंपुढे खाली मान घालून बसलो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्ही खोटं काय लिहिलं नव्हतं. खरं, कुठल्या महिन्यात आला होता ते लिहायला पाहिजे होतं.”

आमच्या बोलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’. बाहेरच्या माणसाला हे सांगावे लागते. त्या दिवशी बाईंच्या तोंडी तो शब्द कोणत्या अर्थाने आला हे आम्हांला चांगलेच कळले, आणि दुसरा अर्थही लागला.

कारण मग त्यांनी जे सांगितले ते आम्हांला आधीच कळायला हवे होते. शाळांची सरकारी माहिती, ज्याला यूडायस म्हणतात, ती वर्षानुवर्षे ३० सप्टेंबर ही तारीख धरून भरली जाते. सप्टेंबरात भातशेती उभी असते, पाऊस पुरता ओसरलेला नसतो, गावातली सगळी माणसे गावात असतात आणि शाळेत १७ मुले असतात. पाऊस संपला की गोव्यात बांधकामे सुरू होतात, हॉटेलांचा हंगाम सुरू होतो, आणि दसरा झाला की या गावची काही घरे कुलूपबंद होतात. शिमग्याला ती परत उघडतात. आम्ही पौषात गेलो होतो. पट फुगवलेला नव्हता आणि शाळा ओसरतही नव्हती. १७ हाही आकडा खरा, ११ हाही खरा. आम्ही दोन महिन्यांचे दोन आकडे शेजारी ठेवले आणि त्यांच्यातल्या फरकाला ‘घसरण’ असे नाव दिले.

“गोव्यात कुठं जातात?” आम्ही विचारले. बाईंनी गावाचे नाव सांगितले. एका बापाचा फोन नंबरही त्यांच्याजवळ होता. मुलांची खुशाली त्या अधूनमधून विचारीत असत. ते नाव ऐकून आम्हांला घरी येईपर्यंत चैन पडले नाही. घरी आल्याबरोबर गोव्याचे कागद काढले. ज्या शाळेत ‘मातृभाषा’ या प्रश्नावर शिक्षिका थबकल्या होत्या त्याच भागातली ती शाळा. आमच्याच हस्ताक्षरात शेरा होता : सत्राच्या मध्यात कर्नाटकातून आलेली चार मुले दाखल, मराठी शाळेचा पट वाढता. खानापूरच्या कागदानंतर आठच दिवसांनी तो लिहिलेला होता.

ती चार मुले खानापूरची होती. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. त्या शिक्षिकेने कायदा पाळला होता. खानापूरच्या बाईंनी परत येणाऱ्या मुलांची नावे पटावर ठेवली होती. त्यांनीही काही वावगे केले नव्हते. चार मुले दोन राज्यांच्या पटांवर होती, आमच्या अहवालात मात्र ती एका पानावर मराठीचा ऱ्हास म्हणून आणि दुसऱ्या पानावर मराठीची वाढ म्हणून आली होती. दोन्ही कागद आमच्याच पिशवीत होते. एका शाळेचे मूल दुसऱ्या शाळेत असेल, ही शक्यताच आमच्या तक्त्यात नव्हती, कारण तक्त्याची प्रत्येक ओळ म्हणजे एक गाव होते.

आणि उरलेली दोन मुले? पुढे गोव्यात त्या कुटुंबाला भेटलो तेव्हा कळले. त्यांतली एक मुलगी बांधकामाच्या जागी धाकट्या भावाला सांभाळीत असे. भाऊ तीन वर्षांचा, ती नऊ. तिचा दुसरा भाऊ सातचा, तोही तिच्यासोबतच. शाळा लांब होती आणि नेणारे कुणी नव्हते. ही दोन मुले गोव्याच्या पटावर नव्हती. खानापूरच्या पटावर होती पण वर्गात नव्हती. परत आल्यावर त्यांची पुस्तके पुन्हा कर्नाटकाची, त्यांत कन्नड विषय, ज्याची अक्षरे पाच महिन्यांत पुसली गेलेली. ३५० अ कलमातील ‘पुरेशा सोयी’ या शब्दांची कसोटी लावायची तर या दोन मुलांवर लावायला हवी होती. आमच्या चोवीस प्रश्नांपैकी एकही प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता.

या अनुभवानंतर आम्ही थोडे वाचन केले. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘फॉलो थ्रू’ नावाचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. गरीब घरांतील मुलांना प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्षांत कोणती शिक्षणपद्धती उपयोगी पडते हे ठरवावे, म्हणून निरनिराळ्या पद्धती देशभरच्या निरनिराळ्या गावांत चालवून पाहिल्या गेल्या आणि १९७७ साली त्यांचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. कोणती पद्धती सरस यावर तज्ज्ञांत पुष्कळ वाद माजला. पण एक गोष्ट ठळकपणे पुढे आली : एकाच पद्धतीचे निकाल गावागणिक इतके बदलत होते की पद्धतीपद्धतींतला फरक त्यापुढे लहान वाटावा. धोरण एक असले तरी ते प्रत्येक जागी तिथली माणसे, तिथला हंगाम, तिथल्या सवयी यांच्याशी जुळवून घेते आणि तिथले होऊन बसते. डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञाने त्याच दशकात दुसरा इशारा दिला. एखाद्या आकड्यावर निर्णय अवलंबून ठेवला की तो आकडा बिघडू लागतो, आणि ज्या कामाचे मोजमाप करायचे ते कामही बिघडते.

कॅम्पबेलचे म्हणणे वाचताना आम्हांला बाईंचा हळू आवाज आठवला. हा आकडा तेवढा लिहू नका. आम्ही त्याला लपवाछपवी समजलो होतो. वास्तविक त्या बाईंना नियमांचा इतिहास आमच्याइतकाच ठाऊक होता, किंबहुना अधिक. वर्गात १० किंवा शाळेत ४० हा १९४९ चा नियम शिक्षक देण्यासाठी केला होता : एवढी मुले असली तर राज्याला नाही म्हणता येणार नाही. पण अशी संख्या एकदा कागदावर आली की ती उंबरठा होते, आणि उंबरठा आत येण्याचा तसा बाहेर काढण्याचाही असतो. दहा-वीस पटांच्या शाळांतील शिक्षक वर्षभर त्या उंबरठ्याकडे पाहत जगतात. त्यांच्याकडे प्रश्नावली घेऊन जाणारा मनुष्य, मग तो सरकारचा असो की चळवळीचा, त्यांना सारखाच धोक्याचा वाटत असेल तर त्यात त्यांचा दोष नाही.

आमच्या चळवळीतील मित्रांना हे वाचून वाईट वाटेल. पण हे लिहिणे आम्हांला भाग आहे. आम्हांलाही आकडा हवा असतो. भाषणात सांगायला, निवेदनात घालायला, न्यायालयापुढे मांडायला. आणि तो घसरणारा असला तर आम्हांला अधिक उपयोगी पडतो. सरकारला ‘होय, सौलभ्य आहे’ हे उत्तर हवे असते, म्हणून त्याचे प्रश्न तसे उत्तर काढतात. आम्हांला ‘शाळा मरते आहे’ हे उत्तर हवे होते, म्हणून आमच्या प्रश्नांनी ते काढले. जी शाळा मरत नव्हती तिचा एक शिक्षक त्या उत्तराने गेला.

यावर उपाय म्हणून मोजणेच सोडावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मोजले नाही तर ‘मागणी नाही’ हेच शेवटचे वाक्य ठरते, आणि सीमाभागाने तेवढ्यासाठी इतकी वर्षे घालविलेली नाहीत. आम्ही प्रश्नावली नव्याने लिहिली आहे. आता ती सगळीकडे एकसारखी नाही. पहिले पान समान आहे, दुसरे पान त्या त्या गावच्या शिक्षकांबरोबर बसून लिहायचे. गोव्याच्या पानावर घरची भाषा आणि शाळेचे माध्यम हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सुरतेच्या पानावर अहिराणीला जागा आहे. इंदूरच्या पानावर रविवारच्या वर्गाची नोंद होते. ‘होय-नाही’चे प्रश्न शक्य तेथे काढून टाकले. ‘पुस्तके मिळाली काय?’ असे न विचारता ‘शेवटचे पुस्तक शेवटच्या मुलाच्या हातात कोणत्या तारखेला पडले?’ असे विचारतो. शिक्षकांसाठी दोन रकान्यांचे तीन केले : मंजूर, भरलेले, आज हजर. ‘मागणी नाही’ असे उत्तर आले तर मागणीची नोंदवही आम्ही स्वतः पाहिली की नाही, हे लिहितो. मुले वर्षातून दोनदा मोजतो, सप्टेंबरात आणि पौषात, आणि गैरहजर मूल कोठे आहे हे नावानिशी विचारतो. ती नावे आमच्या वहीबाहेर जात नाहीत. आणि कोणताही आकडा छापण्यापूर्वी तो ज्या शाळेचा आहे तिला वाचून दाखवितो. शाळा म्हणाली की हा आकडा घातक ठरेल, तर तो कसा लिहावा हे तिच्याशी बोलून ठरवितो. लपवीत नाही, पण एकटा सोडतही नाही.

अशा मोजणीने अहवाल जाडजूड झाला आहे आणि तुलना अवघड झाली आहे. सभेत एका दमात सांगता येईल असा आकडा त्यातून निघत नाही. काही कार्यकर्त्यांनी तसे बोलूनही दाखविले.

त्या शाळेसाठी आम्ही दुरुस्तीचे पत्र दिले आहे. पौषातील गैरहजेरी हंगामी आहे, ३० सप्टेंबरचा पट ग्राह्य धरावा, अनुसूचीप्रमाणे दुसरे शिक्षक परत पाठवावेत. पत्र कन्नडात व मराठीत दिले. पोहोच मिळाली, शिक्षक अजून परत आलेले नाहीत. दर महिन्याला आम्ही त्या कार्यालयात जातो आणि तोच अर्ज पुढे ठेवतो.

यंदा सप्टेंबरअखेर आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. बाईंनी मुले स्वतः मोजली, आम्ही लिहून घेतले : १६. एका घराने गाव कायमचे सोडले आहे. गोव्याला जाणाऱ्या घरांतली मुले कोणत्या शाळेत जातील याची चिठ्ठी या वेळी बाईंनी आधीच करून ठेवली होती. गोव्यातल्या त्या शिक्षिकेचा नंबर आम्ही त्यांना दिला होता. धाकट्या भावाला सांभाळणारी ती मुलगी चौथीत बसली होती. तिच्या भावाला या वेळी आजीपाशी ठेवता येईल का, यावर बाईंचे तिच्या आईशी दोनदा बोलणे झाले होते, आणि आई अजून काही ठरवीत नव्हती. आम्ही कागदावर तारीख घातली. पौषाचा रकाना मोकळा ठेवला आहे.